लॅटिनच्या बाईंची टकटक

जानेवारीचा दुसरा सोमवार, सकाळचे साडेआठ. भाषा विभागाची खोली, दुसरा मजला. हजर: लॅटिनच्या बाई, अरबीचे सुदानी सर, इंग्रजीच्या कोट्टयमच्या मॅडम आणि हिंदीची मी. गैरहजर: कोणी नाही. विभागाच्या बैठकांची नोंद ठेवणं माझ्याकडे आहे, कारण ते काम दुसऱ्या कुणाला नको होतं आणि मला आवडतं. त्या दिवशी पहिला मुद्दा मी असा लिहिला: बाई बोलणार नाहीत.

बाईंच्या स्वरतंतूवरची गाठ डिसेंबरच्या सुट्टीत काढली होती. डॉक्टरांनी आधी पूर्ण मौन सांगितलं होतं, मग दिवसातून काही मिनिटं, आणि कुजबुजायचं तर अजिबात नाही, कारण कुजबुजण्याने घशावर जास्तच ताण येतो म्हणे. हे सगळं बाईंनी लहान मुलांच्या पुसायच्या पाटीवर लिहून आम्हाला दाखवलं. अक्षर सुवाच्य, एका ओळीत सात-आठ शब्द, मग पाटी पुसायची, पुढची ओळ.

आमचं वैद्यकीय विद्यापीठ आखातात, उम्म अल कुवैनच्या रस्त्यावर आहे. पहिल्या वर्षाला इथे लॅटिन सक्तीचं आहे, हाडांची, स्नायूंची, औषधांची नावं नीट कळावीत म्हणून. ज्यांना अरबी येत नाही त्यांना अरबी शिकावं लागतं. ज्यांना अरबी येतं त्यांना माझ्याकडे हिंदी, कारण पुढे दवाखान्यात बसल्यावर समोर येणारा रुग्ण बहुतेक वेळा बांधकामाच्या साइटवरचा हिंदी बोलणारा माणूस असतो आणि त्याला कुठे दुखतंय ते विचारावं लागतं. मी मूळची ठाण्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले आणि हिंदी शिकवू लागले. बाई तिबिलिसीच्या. तिथल्या मेडिकल कॉलेजात त्यांनी आयुष्यभर लॅटिन शिकवलं आणि निवृत्तीच्या सुमारास इथे आल्या. त्यांना सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात. मी मनात ‘बाई’ म्हणते. शाळेत शिकवणारी ती बाई, ही माझी लहानपणापासूनची सवय आहे.

बाईंनी रजा घ्यायला हवी होती. रजा शिल्लक होती आणि डीनही नाही म्हणाले नसते. पण डीनच्या टेबलावर लॅटिनचा एक तयार कोर्स पडून होता. मुलांनी संगणकासमोर बसायचं, चित्रावर क्लिक करायचं, गुण आपोआप. बाई एक सत्र रजेवर गेल्या असत्या तर तो कोर्स सुरू झाला असता, आणि एकदा सुरू झालेली गोष्ट इथे बंद होत नाही. बाईंचा करार जूनमध्ये संपत होता. एप्रिलच्या शेवटी बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षा घ्यायला येणार होते आणि त्यांच्या अहवालावर लॅटिन राहणार की जाणार हे ठरणार होतं. लॅटिन गेलं की बाईंची नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा गेला. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘घरी मला पेन्शन मिळेल. वर्ग मिळणार नाही.’

मग पाटी पुसून पुढची ओळ लिहिली: ‘तुम्ही तिघं मोठ्याने वाचा. मी ऐकते.’

लॅटिनच्या तीन तुकड्या होत्या. अ तुकडी माझ्याकडे आली, ब सुदानी सरांकडे, क मॅडमकडे. धडा बाईच घेणार, फळ्यावर लिहिणार, सांगाड्यावर दाखवणार. आम्ही फक्त त्यांचा आवाज व्हायचं. डीनना सांगितलं, त्यांनी खांदे उडवून परवानगी दिली.

सुदानी सर म्हणाले, “चला, इतक्या वर्षांनी या खोलीत मला बोलायला मिळणार.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “मग आतापर्यंत कोण बोलत होतं, सर?”

बाई हसल्या, पण आवाज न करता.

मी घरी सराव सुरू केला. संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये ओट्याजवळ उभी राहून म्हणायचे: स्कापुला, क्लाविकुला, स्टर्नम, कोस्टा. खांद्याचं पातं, गळपट्टीचं हाड, छातीचं हाड, बरगडी. आपण मराठी माणसं शब्दातली सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने बोलतो. लॅटिनमध्ये एका अक्षरावर जोर हवा, आणि तो नेमका कुठे, ते माझ्या जिभेला कळेना. शिवाय यादी पाठ करायची म्हटली की माझा आपोआप पाढ्यांचा सूर लागतो. लेक हेडफोन काढून म्हणाली, “मॉम, यू साउंड लाइक समवन्स डूइंग अ पूजा.” मी तिला मराठीत सांगितलं की परीक्षा आहे, गंमत नाही. तिने विचारलं, “युअर्स?” आणि हेडफोन परत लावले.

पहिल्या तासाला बाई वर्गात आल्या, सांगाडा खिडकीजवळून फळ्याजवळ ओढला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी बाजूला कागद घेऊन. बाईंनी हाडावर बोट ठेवायचं, मी नाव म्हणायचं, मग मुलांनी म्हणायचं, मग एकेकाने. पहिल्या मुलाने चुकीचं म्हटलं आणि बाईंनी सवयीने तोंड उघडलं. उघडलं आणि मिटलं. मग हातातलं पेन उलटं धरून टेबलावर दोनदा आपटलं. टक टक. मुलाने पुन्हा म्हटलं, या वेळी बरोबर. एकदाच, टक.

ठरवून काही केलं नव्हतं. तास संपेपर्यंत पद्धत बसली होती: एक टक म्हणजे बरोबर, पुढे चला. दोन म्हणजे चूक, पुन्हा. तिसरं काही नाही. शाबासकी नाही, ओरडणं नाही, ‘जवळजवळ बरोबर’ असंही नाही.

त्यांचं साधं प्लास्टिकचं पेन नीट वाजायचं नाही, म्हणून मी त्या शुक्रवारी रोल्लाच्या बाजारातून एक स्टीलचं जड पेन आणलं. पंधरा दिरहम, म्हणजे साडेतीनशेच्या वर रुपये, एका पेनाला. नवरा म्हणाला, ‘लिहायला की ठोकायला?’ मी म्हटलं, ठोकायलाच.

शिकवण्याच्या नोकरीत मला बरीच वर्षं झाली. चांगले शिक्षक मी पाहिले आहेत, पण त्या सत्रात बाईंकडे पाहून मला जे कळलं ते आधी कुणाकडून कळलं नव्हतं. त्यांचं ऐकणं. सगळा वर्ग एकदम म्हणत असताना त्या पाठ करून फळ्यावर लिहीत असायच्या, आणि मागच्या बाकावरच्या एकाच मुलाने चुकवलं तरी वळून नेमकं त्याच्याकडे पाहून टक टक. मुलं थक्क व्हायची. आवाज नाही म्हटल्यावर वर्ग गोंगाट करेल असं आम्हाला वाटलं होतं, झालं उलटंच. ती टक ऐकू यावी म्हणून मुलं स्वतःच गप्प बसायला लागली. एअर कंडिशनरचा आवाज ऐकू येईल इतका शांत पहिल्या वर्षाचा वर्ग मी इथे दुसरा पाहिलेला नाही.

आणि त्या कंटाळायच्या नाहीत. एक अल ऐनची मुलगी होती, हुशार, पण घाईची. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. बाई तिच्यासाठी त्याच हाडावर बोट तसंच ठेवून उभ्या राहायच्या. टक टक. परत. टक टक. परत. चेहऱ्यावर पहिल्या वेळी जी उत्सुकता, तीच सातव्या वेळी. शेवटी एक टक मिळाली की ती मुलगी बाकावर अशी टेकायची की जणू शर्यत पळून आली आहे.

रमजानात तास आखूड झाले. दुपारी मुलांचे चेहरे उतरलेले असायचे, पण लॅटिनला गैरहजेरी नव्हती. सुदानी सरांनी ब तुकडीत दमदार आवाजात वाचन चालवलं होतं. त्यांच्या बोलण्यात ‘प’ नाही, त्यामुळे गुडघ्याची वाटी, म्हणजे पटेला, त्या तुकडीत काही दिवस बटेला झाली होती. बाईंनी तिथे इतक्या वेळा टक टक केलं की सर म्हणाले, “खलास, डॉक्टर, ही वाटी तुम्हीच सांभाळा.” मॅडमच्या क तुकडीत लॅटिन कोट्टयमच्या वेगाने धावत होतं. आणि माझ्या अ तुकडीत ते पाढ्यांच्या सुरात होतं, हे मला मार्चमध्ये सुदानी सरांनी सांगितलं. ते कॉरिडॉरमधून जाताना थांबले होते, आणि डोळे मिटले तर भारतातल्या एखाद्या शाळेबाहेर उभं असल्यासारखं वाटलं, असं म्हणाले.

बाईंना मार्चच्या शेवटी रोज थोडी मिनिटं बोलायची परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी काय बोलणार याची आम्हाला उत्सुकता होती. मॅडमनी खजुराचा केक आणला होता. बाईंनी पाणी प्यायलं, माझ्याकडे वळल्या आणि खोल, थोड्या खरखरीत आवाजात म्हणाल्या, “क्लाविकुला. जोर ‘वि’वर. जानेवारीपासून सांगायचं होतं.” मग पुन्हा पाटी उचलली. त्या दिवसाची मिनिटं त्यांनी तेवढ्यावरच संपवली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षक आले. युरोपातल्या एका जुन्या वैद्यकीय विद्यापीठात त्यांनी शरीररचना शिकवली होती. उंच, बारीक, कोट काढून खुर्चीच्या पाठीला नीट लावणारे. नियम असा की शिकवणाऱ्याने परीक्षेच्या खोलीत थांबायचं नाही. विभागातून एक जण वेळ पाहायला आत बसतो आणि तो परीक्षा चालू असताना बोलत नाही. ते काम माझ्याकडे होतं. बाई बाहेर बाकावर बसल्या.

पहिली आली ती अल ऐनची मुलगी. परीक्षकांनी सांगाड्याच्या खांद्यावर बोट ठेवलं.

“स्कापुला,” ती म्हणाली आणि थांबली.

बरोबर होतं. परीक्षकांनी पुढच्या नावाची वाट पाहिली, कारण त्यांनी आधीच सांगितलं होतं की मी एकदा सुरुवात दाखवीन, मग हातापर्यंत तुम्ही सलग सांगायचं. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. ते तिच्याकडे. बराच वेळ गेला. मग ती हळू म्हणाली, “क्लाविकुला.” आणि पुन्हा थांबली.

“खात्री नाही का?” त्यांनी विचारलं.

“आहे, सर.”

“मग थांबता का?”

तिला सांगता येईना. खरोखरच येईना. तिचा चेहरा पडला आणि पुढचं प्रत्येक नाव ती खालच्या आवाजात, प्रश्न विचारल्यासारखं म्हणत गेली. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. दुसरा मुलगा ब तुकडीतला. तसाच. नाव बरोबर, मग थांबणं, मग घाम. तिसरी मुलगी क तुकडीतली, जिला बोलण्यापासून थांबवावं लागायचं. तीही थांबली, आणि थांबताना तिने खोलीच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. वर्गात बाईंचं टेबल त्या बाजूला असतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मुलं टक ऐकायची वाट पाहत होती. सगळं सत्र प्रत्येक नावानंतर ती थांबली होती आणि प्रत्येक नावानंतर उत्तर आलं होतं. बाई शेजारी होत्या तोवर ते थांबणं कुणाला दिसलंच नव्हतं, आम्हालाही नाही. आता टक नव्हती, आणि बरोबर उत्तर देणारं प्रत्येक मूल समजत होतं की आपलं चुकलं.

माझ्या हातात माझं पेन होतं. टेबलावर एकदा टेकवलं असतं तरी चाललं असतं. मी ते पर्समध्ये ठेवून चेन लावली.

तिसऱ्या मुलीनंतर चहाची सुट्टी झाली. मी बाहेर आले. बाई उभ्या राहिल्या, माझा चेहरा पाहून पुन्हा बसल्या. मी त्यांना सांगितलं की नावं सगळी येताहेत, पण मुलं टकची वाट पाहताहेत, आणि परीक्षकांना वाटतंय की त्यांना काही येत नाही. बाईंनी आधी डोळे मिटले. मला वाटलं, आता पाटी मागतील. त्यांनी स्टीलचं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

“त्यांना द्या,” त्या म्हणाल्या. “आणि सगळं सांगा. काही लपवू नका.”

सगळं सांगायचं म्हणजे हेही सांगायचं की या मुलांच्या कानावर सत्रभर लॅटिन पडलं ते एक मराठी बाई, एक सुदानी गृहस्थ आणि एक मल्याळी बाई यांच्या तोंडून, ज्यांच्यापैकी एकाही माणसाला लॅटिन येत नाही. परीक्षकाने याचा काहीही अर्थ काढला असता. तयार कोर्स आणा, एवढं लिहायला ते एक वाक्य पुरेसं होतं. मी बाईंना तसं म्हटलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि पेन तसंच धरून ठेवलं.

मी आत गेले. परीक्षक चहात साखर ढवळत होते. मी क्रमाने सांगितलं: ऑपरेशन, मौन, आम्ही तिघं, एक टक, दोन टक. त्यांनी चमचा बशीत ठेवून ऐकलं. संपल्यावर म्हणाले, “म्हणजे पहिली मुलगी तुमच्या तुकडीतली.”

मी हो म्हटलं.

“तिचं लॅटिन तुमच्या इंग्रजीसारखं आहे. मी विचार करत होतो की हा सूर मी सकाळपासून कुठे ऐकतोय.”

मग त्यांनी पेन हातात घेऊन वजन पाहिलं, टेबलावर एकदा वाजवून पाहिलं आणि त्या मुलीला परत बोलवायला सांगितलं.

ती आत आली ती रडून आलेली दिसत होती. त्यांनी तिला काही समजावलं नाही. खांद्यावर बोट ठेवलं. “स्कापुला,” ती म्हणाली. टक. तिने झटकन मान वर केली, त्यांच्या हातातलं पेन पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. “क्लाविकुला.” टक. “हुमेरुस.” टक. तिचा नेहमीचा वेग परत आला. कोपराखाली दोन हाडं असतात. ती तिथे पोचली आणि घाईत, अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर स्वतःचं बोट असताना, “उल्ना” म्हणून गेली.

टक, परीक्षकांनी केलं. एकदाच.

ती पुढे गेली नाही. तिने त्या हाडाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“सर, दोन,” ती म्हणाली.

“काय दोन?”

“दोन वेळा वाजवायला हवं. मी चुकले. हा रेडियस. उल्ना करंगळीकडे.”

परीक्षकांनी पेन टेबलावर ठेवलं. त्यांनी ती टक मुद्दाम चुकीची दिली होती की त्यांचं लक्ष नव्हतं, हे मी विचारलं नाही. त्यांनी तिला बाकीचं पेनाशिवाय सांगायला लावलं. ती प्रत्येक नावानंतर अजूनही थांबत होती, पण आता ते थांबणं वेगळं होतं. श्वास घ्यायला थांबावं तेवढंच. मग उरलेल्या दोघांना परत बोलावलं. संध्याकाळपर्यंत तिन्ही तुकड्या झाल्या. प्रत्येक मुलाला आधी काही नावं टकसकट, मग बाकीची टकशिवाय. मध्येच एकाने बटेला म्हटलं तेव्हा परीक्षकांनी माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, “सुदानी गृहस्थ?”

निघताना ते बाईंसमोर थांबले. मी जवळच होते. त्यांनी पेन परत दिलं आणि म्हणाले, “तुमच्या मुलांना तुमची गरज नाही. फक्त त्यांना ते अजून कळलेलं नाही.” बाईंनी पेन घेतलं आणि मान झुकवली.

अहवाल मेमध्ये आला. लॅटिन ठेवावं, तोंडी परीक्षा ठेवावी, शिक्षिका त्याच असाव्यात. डीननी बाईंचा करार एका वर्षाने वाढवला. सुदानी सर म्हणाले, पुढच्या वर्षीही इन्शाल्ला, आणि बाईंना म्हणाले की आता आवाज आला आहे तर बटेलाची जबाबदारी त्यांनी परत घ्यावी. अहवालाच्या शेवटी एक अट होती: मुलांनी बरोबर उत्तरानंतर खुणेची वाट पाहणं थांबवायला हवं. पुढे रुग्णासमोर त्यांना कुणी खूण देणार नाही.

ती अट पुरी करायला आम्ही लगेच लागलो. तोवर डॉक्टरांनी पूर्ण तास बोलायची परवानगी दिली होती, म्हणून बाईंनी पेन कपाटात ठेवलं आणि आवाजाने शिकवायला सुरुवात केली. पहिल्याच तासाला एका मुलाने उत्तर दिलं, थांबला, आणि शेजारच्याने बोटाच्या पेराने बाकावर टक केली. आठवड्याभरात सगळा वर्ग एकमेकांना टक द्यायला लागला. चुकीला दोन, अगदी चोख. मॅडमचं म्हणणं, ते चालू द्यावं, कारण मुलं आता एकमेकांचं ऐकतात. सरांचं म्हणणं, एकदम बंद करावं, यल्ला, चला, आजपासूनच. बाईंचं म्हणणं अजून ठरलेलं नाही. काल माझ्या हिंदीच्या तासाला अल ऐनच्या मुलीने विचारलं, “कहाँ दर्द है?” आणि रुग्ण झालेल्या मुलाच्या उत्तराआधी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहत राहिले. रुग्ण झालेल्या मुलाने बाकावर टक केली.

जूनच्या बैठकीच्या नोंदीत सगळ्या मुद्द्यांपुढे ‘पूर्ण’ असं लिहिलं आहे, एक सोडून. सप्टेंबरमध्ये ही मुलं पहिल्यांदा वॉर्डात जातील. त्याआधी ही सवय सोडवायची आहे. कशी, ते ठरलेलं नाही.